मायले घेऊन या

चाळिशी ओलांडलेला, मिशा राखलेला, स्वतः तीन लेकरांचा बाप असलेला माणूस बी.पी. वाढलं म्हणून दवाखान्यात यायचा, आणि आमचे डॉक्टर त्याला तपासून झालं की सांगायचे, "गोळ्या लिहून देतो. पन पुढच्या खेपेस मायले घेऊन या." तो माणूस आधी डॉक्टरांकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी नजर चुकवून गोळ्यांची पट्टी कापायला घ्यायचे.

"मायले कायले, साहेब? बी.पी. मले हाय."

"तुले आज हाय. सुरू कवा झालं, ते तिले माहीत."

राळेगावात बाजाराच्या रस्त्यावर त्यांचा खासगी दवाखाना होता. पुढे दोन खोल्या दवाखान्याच्या, मागे घर, मध्ये एक दार, आणि ते दार कायम उघडं. मी नेरची. नर्सिंगचं शिक्षण संपवून नुकतीच कामाला लागले होते आणि पहिल्याच आठवड्यात मला वाटलं, आपण कुण्या भलत्याच माणसाच्या हाताखाली येऊन पडलो. गावात त्यांना कुणी पदवीवरून ओळखत नव्हतं. 'मायवाला डॉक्टर' म्हटलं की ऑटोवाला बरोबर दारात आणून सोडायचा.

त्यांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या असायच्या, एक रोग्याची आणि एक त्याच्या मायची. माय वारली असेल तर मावशी, नाही तर मोठी बहीण. काहीच कुणी नसेल तर डॉक्टर हळहळायचे, आणि ते त्या माणसासाठी हळहळतात की हुकलेल्या उत्तरासाठी, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. माय येऊन बसली की ते लेकाकडे पाठ केल्यासारखेच बसायचे आणि तिला विचारायचे, "हा पोटात होता तवा तू काय खात होती?"

टेबलामागे भिंतीला शाळेतला असतो तसा काळा फळा होता. त्यावर वालाच्या मोठ्या दाण्यासारखा एक आकार काढलेला आणि त्याच्या पोटात खडूचे पुष्कळ ठिपके. नव्या माणसाला वाटायचं, डॉक्टरांच्या घरातल्या लेकराने काढलं असेल. पण ते मूत्रपिंड होतं आणि ठिपके म्हणजे त्यातल्या गाळण्या. डॉक्टर तो फळा कधी पुसू देत नसत. झाडू मारणाऱ्या बाईने एकदा इमानदारीने पुसला, तर दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत.

त्यांचं सांगणं साधं होतं आणि ते शंभरदा ऐकून मला पाठ झालं होतं. या बारीक गाळण्या लेकरू पोटात असतानाच तयार होतात. जन्मल्यानंतर नवीन एकही होत नाही. मायच्या अंगात लोह कमी, जस्त कमी, तर लेकराच्या गाळण्याही कमी. मग त्या थोड्याशा गाळण्यांवर जन्मभराचा भार पडतो. रक्ताचा दाब वाढतो, त्या दाबाविरुद्ध काळीज रक्त ढकलत राहतं, जाड होतं, थकतं. पुढे लेकाला तूपरोटी खाऊ घातली तरी पोटातली ती कसर भरून निघत नाही. "दुखनं चाळिशीत दिसते," ते म्हणायचे, "पन पेरनी तवाची राह्यते."

जस्ताचं नाव काढलं की लोकांना हमखास हसू यायचं. एकदा कापसाच्या जिनिंगमधला एक फिटर म्हणाला, "जस्त म्हंजे बालटीले लावते तेच नं, साहेब? मंग आमच्या मायनं बालटी खायाची होती काय?" बाहेर बाकावर बसलेले सगळे हसले. डॉक्टरही हसले. मग त्याच्या हातावर भाजलेल्या तिळाची मूठ ठेवली आणि म्हणाले, "बालटी नको खाऊ. हे खा. अन् तुह्या बायकोले दोन मुठी दे."

तिळाची आणि फुटाण्यांची बरणी टेबलावर असायचीच. दवाखान्यात पाऊल टाकलेल्या माणसाला, तो तापाने फणफणत असला तरी, काहीतरी चावत बसावं लागायचं. औषध कंपनीची टापटीप पोरं यायची, तीही टाय सांभाळत फुटाणे खायची.

सकाळी दवाखाना उघडला की पहिला रोगी डॉक्टर स्वतः. सगळ्यांच्या देखत बाही वर करून माझ्यासमोर बसायचे. मी यंत्र लावून आकडा हळूच सांगितला की तो स्वतः मोठ्याने सांगायचे आणि पुढे, "आज आमचं इंजीन जरा तापेल हाय, सांभाळून बोला." दाब त्यांचाही वाढलेलाच असायचा, आणि तिशीपासून होता. लग्नाच्या पंगतीला ते स्वतःचा अळणी वरणाचा डबा घेऊन जात. यजमान रुसत. एकदा एका नवरदेवाच्या बापाने आग्रह करकरून ताटात भजी वाढली, तर डॉक्टरांनी ती उचलून शेजारच्या पानात ठेवली आणि त्या बापालाच म्हणाले, "तुमचं बी.पी. कवा पायलं होतं?" पंगतीतच त्याचा हात हातात घेऊन नाडी बघायला लागले.

डोहाळजेवणाला पुरुष जात नाहीत. आमचे डॉक्टर जायचे, तेही बोलावणं नसताना. बायका गाणी म्हणत असत, फुलांनी मढवलेली पोर लाजून बसलेली असे, आणि हे दारातून वाकून आत येऊन तिच्या हातावर लोहाची गोळी ठेवत. आमच्याकडे पुष्कळ घरांत अशी समजूत की त्या गोळ्यांनी लेकरू काळं होतं, शिवाय पोटात जास्त वाढतं आणि बाळंतपण अवघड जातं. सरकारी गोळ्या बऱ्याच ठिकाणी अंगणात कोंबड्यांपुढे जात. म्हणून डॉक्टर समोर उभं राहून गिळायला लावायचे. एका पोरीने गोळी जिभेखाली दाबून ठेवली. डॉक्टरांना कळलं. ते तिथेच पाटावर बसले आणि तिच्या सासूशी तुरीवरच्या अळीबद्दल बोलत राहिले. त्या पोरीचं तोंड कसनुसं होत गेलं. शेवटी तिने घटाघटा पाणी पिऊन गोळी गिळली आणि डॉक्टर उठले. त्या पोरीचा तो मुलगा आता शाळेत जातो. ती मला भेटली की अजून हसते.

हे सगळं सांगताना मला त्यांच्याबद्दल माया वाटते. पण तेव्हा मला त्यांचा रागही यायचा, आणि तोही सांगितलाच पाहिजे.

राग त्या दुसऱ्या खुर्चीवरून यायचा. ती म्हातारी बाई कधी नव्हे ती दवाखान्यात आलेली असायची, लुगडं नीट करून, लेकाला काहीतरी झालंय या धास्तीने. तिला कुणी आजवर काही विचारलेलं नसायचं, म्हणून आधी ती भरभरून सांगायची. आंबाडीची भाजी, कण्या, एखाद्या साली नुसतं आंबील. कुणी माती खाल्लेली, कुणी चुलीची राख. डॉक्टरांना हवं ते उत्तर मिळालं की त्यांचा चेहरा उजळायचा, ते उठून फळ्याकडे वळायचे आणि बोलायला लागायचे. बाई हळूहळू गप्प होत जायची. पदर पुढे ओढायची. डॉक्टर ते बघतच नसत, कारण तिच्याकडे त्यांची पाठ असायची.

एकदा दवाखाना बंद करताना मी त्यांना म्हटलं, "सर, त्या बायांना वाटतं तुम्ही त्यांना दोष देताय."

"दोष कसला? शरीराचं गणित आहे ते. आणि मी कुठं छातीठोक म्हणतो? बरंचसं जनावरांवर पाहिलेलं आहे. माणसात गुंता फार. मीठ आहे, तंबाखू आहे, काळजी आहे, घराण्याचं रक्त आहे."

"हे तुम्ही त्यांना कुठं सांगता?"

ते हसले. "इतकं सांगत बसलो तर ऐकेल कोण? लोकांना एकच गोष्ट सांगावी. तीच लक्षात राहते."

मी फुटाण्यांच्या बरणीचं झाकण लावलं. ते बोलायला वाईट नव्हते, पण स्वतःच्या विषयावर आले की भिंतीशी बोलल्यासारखं व्हायचं.

त्यांची स्वतःची माय मागच्या घरात होती. ऐंशीच्या घरातली, मुठीएवढी म्हातारी. मधल्या उघड्या दारापाशी सूप घेऊन बसायची, तूर निवडायची आणि दवाखान्यातलं सगळं ऐकायची. मला 'पोरी' म्हणायची. दुपारी माझा डबा उघडून बघायची आणि न विचारता त्यात भाजी घालायची. मी एकदा डॉक्टरांना गमतीने म्हटलं, "सर, दाब तुम्हालाही आहे. आजीला कधी बसवलं का खुर्चीत?" तर म्हणाले, "आमचं प्रकरण वेगळं. वडील हेडमास्तर, दारात दुभती गाय, कोठीत धान्य. आमच्या घरात कशाची कमी नव्हती. माझा दाब स्वभावाचा आहे." आजीच्या सुपाचा आवाज तेवढ्यापुरता थांबला होता. तो मला ऐकू आला, त्यांना नाही.

डॉक्टर आता नाहीत. मागच्या वर्षी झोपेतच गेले, काळजानेच. मी तेव्हा यवतमाळला होते, पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. माणसं मात्र दूरदूरची आली होती आणि त्यांत म्हाताऱ्या बायका फार. शेवटची काही वर्षं दवाखान्यात तो फळा नव्हता. त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीवरून उतरवला होता. बायांना ते प्रश्न विचारीत, पण समोर बसून, आवाज खाली आणून, आणि पोटुशी पोर आली की तिच्या नवऱ्याला आणि सासऱ्याला आत बोलवत. हे असं का झालं, ते मी पाहिलेलं आहे.

आमच्या भागातल्या एस.टी.वर एक कंडक्टर होता. उंच, बडबड्या, सगळ्यांच्या ओळखीचा. पोटुश्या बाईला जागा द्यायला तो तरण्या पोरांना उठवायचा आणि ते कुरकुरले तर म्हणायचा, "तुही माय बी अशीच उभी होती, तू पोटात असतानी." त्याचा दाब वाढलेला निघाला, तोही चांगलाच. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे सांगितलं आणि हा गडी खरंच पुढच्या सुट्टीला गावाहून मायला घेऊन आला. गाडीतून उतरवताना तिला त्याने लहान लेकरासारखं उचललं होतं. दवाखान्यात सगळ्यांना सांगत सुटला, "पाहा, डॉक्टरचं ऐकलं. आली माय."

बुढी खुश होती. खुर्चीत पाय वर घेऊन बसली. डॉक्टरांनी विचारल्यावर सांगायला लागली.

"हा पोटात होता तवा दुकाळ होता, साहेब. पानी नाही, पीक नाही. खडी फोडाच्या कामावर जात होती. सरकारनं लाल मिलो जवारी देल्ती, तिची भाकर. अन् माती खात होती मी." तिने तोंडाला पदर लावला, हसू लपवायला. "नदीच्या काठची पांढरी माती. तव्यावर भाजून. लय गोड लागे. कोनाले माहीत नोतं."

डॉक्टर उठून उभे राहिले. असं स्वच्छ उत्तर त्यांना फार दिवसांत मिळालं नव्हतं. बाहेरच्या बाकावरच्या लोकांना त्यांनी आत बोलावलं. अंगात लोह कमी झालं की माती खावीशी वाटते, आणि खाल्लेली माती पोटातलं उरलंसुरलं लोह आणि जस्तही धरून बसते, लेकरापर्यंत पोचू देत नाही, हे सांगितलं. मग फळ्याकडे वळले आणि त्यांनी बोटाने ठिपके पुसायला सुरुवात केली. एक, मग त्याच्या शेजारचा, मग एकदम पुष्कळ. "एवढ्याच राह्यल्या," ते म्हणाले. "यांच्या काळजाचं दुखनं त्या मातीत हाय."

कंडक्टर म्हणाला, "म्हंजे मी अर्धा मातीचाच हाव म्हना." लोक हसले. बुढी हसली नाही. ती डॉक्टरांच्या खडूने पांढऱ्या झालेल्या बोटाकडे बघत होती. तिने पाय खाली घेतले आणि पदर पुढे ओढला.

गोळ्या त्याने काही महिने नीट घेतल्या. मग कधी ड्यूटीवर राहून जायच्या, कधी डोकं हलकं वाटलं म्हणून सोडायचा. बसस्टँडवर दिसला की मी रागवायचे. "सिस्टर, चालू करतो नं उद्यापासून," म्हणायचा आणि घंटी मारायचा. कापूस वेचणीचे दिवस होते. गावाकडे गेला होता. सकाळी ओट्यावर दात घासता घासता छातीला हात लावून खाली बसला, आणि गाडी मिळून यवतमाळच्या रस्त्याला लागेपर्यंत संपला. डॉक्टर त्याच्या मातीला गेले होते. परत आल्यावर त्या दिवशी त्यांनी कुणालाही तपासलं नाही.

पंधरवडा झाला असेल. कंडक्टरची बायको दवाखान्यात आली. मोकळं कपाळ, सुजलेले डोळे. मी तिला आत नेलं. ती खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली.

"डॉक्टरसाहेब, बुढी जेवून नाही राह्यली. कोनाचंच ऐकत नाही. च्याचा घोट घेते, बाकी काही नाही. भिताडाकडे तोंड करून पडली हाय."

"घेऊन ये इकडे. सलाईन लावू."

"येत नाही नं. म्हणते, म्या पोराचं काळीज पोटातच खाल्लं. आता कोन्या तोंडानं जेवू."

डॉक्टर खुर्चीतून उठले. म्हणाले, "मी येतो. समजावून सांगतो. त्यानं गोळ्या सोडल्या होत्या. मीठ होतं, तंबाखू होता, रात्रपाळी होती. दहा कारणं आहेत."

माझ्याने राहवलं नाही. "सर, फळ्यावर तुम्ही एकच सांगितलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, पण त्यांचा चेहरा तसा कधी पाहिला नाही. रागावतील असं वाटलं होतं. ते घाबरलेले होते. एक बाई जेवायची थांबली होती आणि ती अशी मेली असती तर तिला मारणारं वाक्य त्यांचं होतं, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं होतं.

मधल्या दारातून आजीचा आवाज आला. "मलेबी घेऊन चाल."

"माय, तू कुठी येतेस. रस्ता खराब हाय."

"मले घेऊन चाल म्हनलं नं."

डॉक्टरांच्या जुन्या गाडीतून आम्ही चौघं गेलो. पुढे डॉक्टर आणि कंडक्टरची बायको, मागे मी आणि आजी. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून वाकलेल्या.  आजी खिडकीला धरून ताठ बसली होती.

कंडक्टरच्या गावच्या घराला टिनाचं छप्पर, पुढे ओटा, आत एक मोठी खोली. ओट्यावर खाटेवर बुढा बसला होता, कंडक्टरचा बाप. त्याने आम्हाला हात जोडले आणि परत अंगणाकडे बघत बसला. आत कोपऱ्यात सतरंजीवर बुढी भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी नाडी पाहिली. हात इतका हलका झाला होता की मला धरवेना.

डॉक्टर जमिनीवर मांडी घालून बसले आणि बोलायला लागले. सगळी कारणं सांगितली, एकेक करून. गोळ्या सोडल्या, मीठ, तंबाखू, जागरण. माती खाल्लेल्या कितीतरी बायांची लेकरं धडधाकट आहेत. हे नक्की कुणालाच माहीत नाही, आपण फक्त अंदाज करतो. ते चांगलं बोलत होते, आणि खरंही तेच होतं.

बुढीने तोंड वळवलं नाही. भिंतीलाच म्हणाली, "तवा तं तुमी फळ्यावर दाखवलं, साहेब. चार लोकाइत सांगतलं. आता काहून बदलून राह्यले?"

डॉक्टर मागे सरकले. 

आजी भिंतीला धरत धरत पुढे गेली आणि त्या सतरंजीवर, बुढीच्या पाठीशी टेकून बसली.  मग म्हणाली, "बाई, म्याबी खाल्ली. माती नाही, पाटीवरच्या पेन्सिली."

डॉक्टरांनी मान वर केली.

"मास्तरचं घर आमचं. शाळेच्या पेन्सिलीचे डबे घरात राहे. हा माह्या पोटात होता," तिने डॉक्टरांकडे बोट केलं, "तवा कोठीत जाऊन उभी राहू अन् करकर खाऊ. एक संपली का दुसरी. मास्तर शाळेत शिपायाले बोल लावे, पेन्सिली जाते कुठी म्हून."

"माय," डॉक्टर म्हणाले, "हे मले कधी सांगतलं नाही तूनं."

"तू कधी इचारलं?"

"पन आपल्या घरी तं सगळं होतं."

"घरात होतं, बापा. माह्या ताटात नोतं." ती हे साधेपणाने म्हणाली, आवाज न चढवता. "पहिले सासरा जेवे, मंग मास्तर, मंग दोघं दीर. मंग सासू. मंग भांड्याले चिकटलं राहीन ते मी. गाय दारात होती, पन दूध मानसाइचं. नासलं तं माह्या वाट्याले. मागायाची सोय नोती. पोटातलं लेकरू आतून ओढे अन् मी पेन्सिली चावत राहू."

डॉक्टर खाली बघत होते. पुढे त्यांनी याबद्दल माझ्याशी कधी शब्द काढला नाही, पण मला तेव्हा दिसत होतं की ते आयुष्यभर दुसऱ्यांच्या मायांना विचारत फिरले आणि आपली मधल्या दारात बसलेली होती. मला त्यांची फार कीव आली.

आजीने बुढीच्या खांद्यावर हात ठेवला. "एक सांग मले. तवा, दुकाळात, तुले कोनं वाढलं होतं?"

  बुढी भिंतीलाच म्हणाली, "कोनं नाही."

"मंग? काय खाल्लं, काय खाल्लं, हे समदे इचारते. माहा पोट्टा बी तेच इचारते. कोनं वाढलं हे कोनी इचारते का? आपन चोरी नाही केली, बाई. आपन भुकेल्या होतो. भुकेलं मानूस जे हाती लागते ते खाते. माह्या पोराले बी.पी. हाय, तुह्याले होतं. मी त्याची लाज नाही धरत. मी कायले धरू?"

बुढीची पाठ हलायला लागली. ती रडत होती. सुनेने मला नंतर सांगितलं की लेक गेल्यापासून ती रडलीच नव्हती. रडता रडता ती वळली आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "त्या दिवशी गाडीत मले म्हने, माय, माती खाऊन तूनं एवढा लंबा पोट्टा केला. चांगलं खाल्लं असतं तं मी एस.टी.च्या टपाले लागलो असतो." आजी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मीही रडत होते, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

सून उठली आणि चुलीकडे गेली. भाकरी सकाळीच झाल्या होत्या, वरण गरम करायचं होतं. तेवढ्यात दारात अंधारलं. बुढा ओट्यावरून उठून आत आला होता. त्याला कमी ऐकू येतं असं मी धरून चालले होते, पण दार उघडं होतं आणि त्याने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, तुमाले वाढू काय?" सुनेने विचारलं. त्या घरात पहिलं ताट त्याचंच असणार.

त्याने मान हलवली. फळीवरची थाळी काढली. वरणाचा डाव कुठे असतो ते त्याला सापडेना, तो इकडेतिकडे बघत राहिला. सून पुढे व्हायला लागली, तर आजीने तिला हाताने थांबवलं. शेवटी त्याने वाटीनेच वरण घेतलं, थोडं चुलीवर सांडलं. त्यावर भाकर ठेवली.  मग थाळी घेऊन तो कोपऱ्याकडे आला आणि बुढीच्या समोर ठेवून तिथेच, जमिनीवर बसला.

बुढी उठून बसली होती. तिने थाळीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने विचारलं, "तुमी जेवले काय?"

"नाही."

"मंग?"

"तू पहिले जेव," तो म्हणाला. "मी मांगून जेवतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने भाकर मोडली.